दहा एक्स्टेंशन टाकूनही ब्राउझर ओळखू का येतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: क्रोम सोडून लिब्रेवुल्फ हा फायरफॉक्सवर बांधलेला, खाजगीपणा जपणारा ओपन सोर्स (कोड कुणालाही वाचता येतो असा) ब्राउझर घेतला. वर दहाएक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी साधनं) टाकली, कुठेतरी मिळालेली यादी बघून अबाउट-कॉन्फिग या आतल्या पानावरची ढीगभर सेटिंग बदलली. तरी बूट बघितले की बुटांच्या जाहिराती मागे लागतात, फिंगरप्रिंट तपासणारी, म्हणजे ब्राउझर त्याच्या गुणधर्मांवरून ओळखू येतो का ते बघणारी साइट ‘तुमचा ब्राउझर एकमेव आहे’ असं सांगते, बँकेचं पान अर्ध्यात अडकतं, पैसे भरून बघायचे व्हिडिओ चालत नाहीत आणि वेबवरच्या चॅटमध्ये वेळ साडेपाच तास मागे दिसते. मग ओपन सोर्स ब्राउझर घेऊन मिळवलं काय?

सरळ सांगतो. ब्राउझर तुम्ही चांगला निवडलात. त्यावर केलेलं नक्षीकाम नडतंय. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन सोडून बाकीची एक्स्टेंशन काढून टाका, नवीन प्रोफाइल उघडा, ती यादी विसरा. तुमच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील. उरलेल्या अर्ध्यांमधल्या काही तक्रारी मुळात ब्राउझरच्या हातातल्याच नाहीत.

जाहिरातींपासून सुरू करू. पूर्वी माग काढण्याचं मुख्य हत्यार होतं थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे साइटवरच्या तिसऱ्याच कंपनीने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. बुटांच्या दुकानात आणि बातम्यांच्या साइटवर एकाच जाहिरात कंपनीचा कोड बसलेला असायचा, आणि दोन्हीकडे ती कंपनी तीच कुकी वाचायची. फायरफॉक्सने सप्टेंबर 2019 पासून ज्ञात ट्रॅकर्सच्या कुकी मुळातच अडवायला सुरुवात केली. जून 2022 मध्ये ‘टोटल कुकी प्रोटेक्शन’ सगळ्यांसाठी चालू झालं: प्रत्येक साइटचा कुकीचा डबा वेगळा, एका डब्यातलं दुसऱ्याला दिसत नाही. लिब्रेवुल्फ फायरफॉक्सवरच बांधलेला असल्याने हे सगळं तुमच्याकडे आहेच. शिवाय तो बंद करताना कुकी पुसून टाकतो. म्हणजे बुटांची जाहिरात कुकीवाटे येत असण्याची शक्यता फार कमी.

ती येते लॉगिनवाटे. दुकानात तुम्ही मोबाइल नंबर दिलात. दुकान तो नंबर हॅश करून (ठरलेल्या सांकेतिक रूपात बदलून) जाहिरात कंपनीकडे चढवतं, आणि त्याच नंबरावर तुमचं जे खातं आहे त्यात जाहिरात उगवते. हा सगळा व्यवहार दोन सर्व्हरमध्ये होतो. तुमचा ब्राउझर त्या खोलीत नसतोच, तो अडवणार काय? घरातल्या सगळ्यांचा वायफाय एक असेल तर आयपी पत्ताही एकच. तुम्ही लिब्रेवुल्फमध्ये बघितलेले बूट बायकोच्या फोनवर दिसले तर त्यात ब्राउझरचा काही दोष नाही. यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: जिथे लॉगिनची गरज नाही तिथे लॉगिन करू नका, आणि खरेदीसाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवा. यूब्लॉकखेरीज एक अपवाद करायचा तर फायरफॉक्सचं मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे अधिकृत एक्स्टेंशन इथे कामाला येतं, कारण एकाच खिडकीत खरेदीचं लॉगिन एका कप्प्यात आणि बाकीचं वाचन दुसऱ्या कप्प्यात ठेवता येतं.

आता फिंगरप्रिंट. खरा घोळ इथे आहे.

फिंगरप्रिंट काढणाऱ्याला तुमच्या संगणकावर काही ठेवावं लागत नाही. तो फक्त प्रश्न विचारतो. स्क्रीन केवढी? टाइमझोन कोणता? भाषा कोणत्या, कोणत्या क्रमाने? फॉन्ट कोणते? मग तो पानाच्या आड, न दिसणाऱ्या कॅनव्हासवर (चित्र काढायच्या जागेवर) ब्राउझरला एक ओळ लिहायला आणि दोन आकार काढायला सांगतो. तुमचं ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, फॉन्टच्या कडा गुळगुळीत करण्याची पद्धत यांमुळे ते चित्र प्रत्येक यंत्रावर जरासं वेगळं उमटतं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी 2010 मध्ये पॅनॉप्टिक्लिक या प्रयोगातून सुमारे 4 लाख 70 हजार ब्राउझरच्या नोंदी तपासल्या. त्यातले 83.6 टक्के एकमेव निघाले. फ्लॅश किंवा जावा चालू असलेल्यांत हे प्रमाण 94.2 टक्के होतं. फ्लॅश गेलं, जावा गेलं, पण ओळख पटवायला कॅनव्हास, वेबजीएल (ब्राउझरमधली त्रिमितीय चित्रं) आणि ऑडिओ आले.

यातून वाचायचे दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. पहिला टॉर ब्राउझरचा (तुमची वाहतूक अनेक सर्व्हरांतून फिरवून पत्ता लपवतो तो): सगळे वापरकर्ते सारखेच दिसले पाहिजेत. टॉरमध्ये खिडकी ओढून मोठी केलीत तर कडेला राखाडी पट्ट्या येतात. अनेकांना तो बिघाड वाटतो. पण पानाला दिसणारी रुंदी 200 पिक्सेलच्या आणि उंची 100 पिक्सेलच्या पटीत राहावी म्हणून ते मुद्दाम केलेलं आहे, कारण तुमच्या खिडकीचं 1537 बाय 841 हे माप जगात फार थोड्यांचं असतं. वेळ सगळ्यांची यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ. साइटकडे भाषा इंग्रजीच मागण्याचा पर्यायही तो देतो. दुसरा मार्ग ब्रेव्ह या ब्राउझरचा: प्रत्येक साइटला आणि प्रत्येक सत्रात थोडं खोटं, थोडं वेगळं उत्तर द्यायचं. आज एकमेव दिसलात तरी उद्याचा एकमेव वेगळा, म्हणून जोडणी तुटते.

पुण्यात दुचाकीवर तोंडभर स्कार्फ बांधलेल्या मुलीकडे कुणी वळून बघत नाही, कारण सगळ्याच बांधतात. तोच स्कार्फ बांधून संध्याकाळी दादरच्या पुलावर उभ्या राहिलात तर चार जण बघतील. पहिला मार्ग गर्दीच्या जोरावर चालतो, आणि तुम्ही दहा एक्स्टेंशन टाकून त्याच गर्दीतून बाहेर पडलात. जाहिरात रोखणारी दोन एक्स्टेंशन एकत्र ठेवली की कोणते घटक गायब होतात याचा एक खास नमुना तयार होतो आणि तो पानावरच्या स्क्रिप्टला मोजता येतो. यूझर-एजंट (ब्राउझर साइटला स्वतःचं नाव सांगतो ती ओळ) बदलणारं एक्स्टेंशन तर हटकून घात करतं: त्या ओळीत विंडोजवरचा क्रोम, आणि पानावरच्या जावास्क्रिप्टने विचारलं तर वागणं फायरफॉक्सच्या गेको इंजिनचं. असं परस्परविरोधी उत्तर देणारे लोक जगात मूठभर.

आपल्यापुरती एक गोष्ट यात आहे. ब्राउझरच्या भाषांच्या यादीत मराठी पहिली ठेवलीत तर प्रत्येक साइटला, प्रत्येक विनंतीबरोबर, ते कळवलं जातं. भारतीय आयपीवरून हे फारसं खटकणार नाही. जर्मनीत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्याच्या बाबतीत मात्र एवढी एकच गोष्ट त्याला हजारोंतून वेगळं काढायला पुरे. मी स्वतः मेनू मराठीत ठेवतो आणि साइटना कळवायची भाषा इंग्रजी. दोन्ही सेटिंग वेगळी आहेत हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

तपासणी साइटच्या निकालाने घाबरू नका. एक तर तिथे तपासायला जाणारे बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे शंकेखोर, त्यामुळे तुलना ज्यांच्याशी होते ती लोकसंख्या सामान्य नसते. दुसरं, लिब्रेवुल्फ कॅनव्हासच्या प्रश्नाला कचरा उत्तर देतो. कचरा दर वेळी नवा, म्हणून दर वेळी ‘एकमेव’. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा, तीच चाचणी परत करा आणि कॅनव्हासचा हॅश ताडून बघा. बदलला असेल तर संरक्षण चालू आहे. एकमेव असणं आणि पुन्हा ओळखता येणं या दोन निराळ्या गोष्टी, पण साइटवरची लाल अक्षरं त्या एकच करून टाकतात.

साडेपाच तासांचं गणित आता तुम्हाला उलगडलं असेल. लिब्रेवुल्फमध्ये ‘रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग’ मुळातच चालू असतं. हे काम टॉरच्या लोकांचं. 2016 पासून टॉरमधल्या सुधारणा फायरफॉक्सच्या मूळ कोडमध्ये नेण्याचा प्रकल्प झाला, त्यातून ते आलं. त्यात घड्याळ यूटीसीवर जातं, म्हणून सकाळी दहाचा निरोप साडेचारचा दिसतो. याचा फारच त्रास होत असेल तर ते बंद करून फायरफॉक्सचं नवं, सुटं ‘फिंगरप्रिंटिंग प्रोटेक्शन’ चालू करा. त्यात वेळेपुरती सूट देता येते. व्हिडिओ न चालण्याचं कारणही असंच सरळ आहे: डीआरएमचा (नक्कल रोखणाऱ्या कुलपाचा) बंदिस्त भाग लिब्रेवुल्फ मुळातच बंद ठेवतो, म्हणून पैसे भरून बघायचे बरेच चित्रपट-मालिका तिथे उघडत नाहीत.

बँकेसाठी भांडत बसू नका. बँकेला तुमचं नाव, पॅन, पत्ता सगळं माहीत आहे. तिच्यापासून लपवायचं काय? तिच्यासाठी साधा, वेगळा फायरफॉक्स ठेवा, त्यात एकही एक्स्टेंशन नको, आणि त्यात दुसरं काही उघडू नका. बँक चालावी म्हणून रोजच्या ब्राउझरची एकेक ढाल कायमची खाली करत जाणं, हा तुम्ही आता करताय तो उद्योग सर्वांत वाईट.

आता ओपन सोर्सचा मुद्दा. ‘कोड खुला आहे म्हणजे कुणीतरी वाचला असेल’ हा भरवसा मला पटत नाही. फायरफॉक्सचा कोड कोट्यवधी ओळींचा आहे, तुम्ही वाचणार नाही, मीही वाचत नाही. फायदा दुसरीकडे आहे: संशय आला की शोधता येतं, आणि पटलं नाही की वेगळं होता येतं. जून 2020 चं उदाहरण घ्या. ब्रेव्हमध्ये बायनान्स या क्रिप्टो बाजाराचा पत्ता टाइप केला की तो आपोआप पूर्ण होताना ब्रेव्हच्या कमिशनचा कोड चिकटतो, हे एका वापरकर्त्याच्या लक्षात आलं. कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर उघडाच होता; लोकांनी तिथे जाऊन बघितलं तर आणखी काही कंपन्यांची नावं त्याच यादीत. ब्रेव्हचे प्रमुख ब्रेंडन आयक यांना चूक कबूल करावी लागली आणि ते बंद झालं. बंदिस्त ब्राउझरमध्ये हीच शोधाशोध कितीतरी अवघड गेली असती.

वेगळं होण्याचं उदाहरण तुमच्या हातातच आहे. जुलै 2024 मध्ये फायरफॉक्स 128 मध्ये जाहिरातींचा परिणाम मोजण्याचा एक प्रयोग मुळातच चालू ठेवलेला आला. नाव मात्र खाजगीपणा जपणारं मोजमाप असं. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये वापराच्या अटींमधल्या भाषेवरून गदारोळ झाला आणि मोझिलाला काही दिवसांत ती बदलावी लागली. लिब्रेवुल्फवाल्यांनी असले भाग बंद करून आपली आवृत्ती काढली. मात्र हेही लक्षात ठेवा की लिब्रेवुल्फ म्हणजे मोझिलाच्या इंजिनावर स्वयंसेवकांनी लावलेली ठिगळं आहेत. इंजिन लिहिण्याचा पगार मोझिला देते, आणि मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलला मुख्य शोधयंत्र ठेवण्याच्या करारातून येतं. गूगलला नावं ठेवत आपण जे वापरतो त्याच्या मुळाशी गूगलचाच पैसा आहे. मला हे आवडत नाही. पण सोय लागेपर्यंत ते मान्य करूनच चालावं लागतं.

या रचनेचा एक थेट धोका आहे: उशीर. ऑक्टोबर 2024 मध्ये फायरफॉक्समधल्या एका छिद्राचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर होत असल्याचं ईसेट कंपनीने कळवलं आणि मोझिलाने 9 ऑक्टोबरला दुरुस्ती काढली. अशा वेळी शाखा-ब्राउझर जितके दिवस मागे, तितके दिवस तुम्ही उघडे. विंडोजवर लिब्रेवुल्फ आपण होऊन अद्ययावत होतो असं गृहीत धरू नका. त्यासाठीचं वेगळं साधन इन्स्टॉल करताना निवडावं लागतं. हे निवडलं नसेल तर आधी ते करा, मग खाजगीपणाचं बोलू. महिना-महिना न बदललेला ‘सुरक्षित’ ब्राउझर साध्या क्रोमपेक्षा धोक्याचा.

आणि कोड खुला असला तरी दुकानातून उतरवलेला माल त्याच कोडचा असेलच असं नाही. द ग्रेट सस्पेंडर नावाचं लोकप्रिय एक्स्टेंशन ओपन सोर्स होतं. 2020 मध्ये मूळ लेखकाने ते विकलं, नव्या मालकाने दुकानातल्या आवृत्तीत गिटहबवर नसलेला कोड घातला, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलला ते काढून टाकावं लागलं. एक्स्टेंशन कमी ठेवा असं मी म्हणतो त्यामागे फिंगरप्रिंटइतकंच हेही कारण आहे. टॉर ब्राउझरने यावर चांगलं उत्तर शोधलंय: खुल्या कोडवरून कुणीही घरी बांधणी केली तर अधिकृत फाइलशी बाइट न् बाइट जुळणारीच फाइल मिळते. 2013 पासून ते हे पाळत आले आहेत.

खाजगीपणाच्या गप्पांत सहसा न येणारा एक भाग आहे, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो: कुलपाच्या चिन्हामागे विश्वास कुणावर ठेवायचा हे ब्राउझर ठरवतो. ही साइट खरीच आहे असं सांगणारी कोणत्या संस्थांची प्रमाणपत्रं खरी मानायची याची यादी ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असते. जुलै 2014 मध्ये गूगलला आढळलं की आपल्याकडच्या एनआयसी या सरकारी संगणक संस्थेने गूगलच्या डोमेनसाठी परवानगी नसलेली प्रमाणपत्रं जारी केली आहेत. एनआयसीला तो अधिकार मिळाला होता भारत सरकारच्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीजकडून, आणि त्या कार्यालयाचं मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. त्यामुळे विंडोजची यादी वापरणारे ब्राउझर ती प्रमाणपत्रं खरी मानत होते. फायरफॉक्सवर परिणाम झाला नाही, कारण त्याची यादी स्वतःची आणि त्यात हे मूळ प्रमाणपत्र नव्हतंच. लिब्रेवुल्फकडे तीच मोझिलाची यादी येते. कझाकस्तान सरकारने 2019 मध्ये नागरिकांना सरकारी प्रमाणपत्र बसवायला सांगितलं, तेव्हा त्यावरून वाहतूक उघडून वाचता येईल म्हणून मोझिला आणि गूगलने ऑगस्टमध्ये ते प्रमाणपत्रच नाकारलं. 2023 मध्ये आपल्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने भारतीय ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली. त्यात भारताचं मूळ प्रमाणपत्र आतच असावं ही अट होती. 2025 मध्ये झोहोला पहिलं बक्षीस मिळालं, त्यांचा उला हा ब्राउझर क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या मुळाशी असलेल्या खुल्या कोडवर बांधलेला आहे. स्वदेशी ब्राउझर हवा का, हा वाद वेगळा. पण क्रोमियम खुला आहे म्हणून त्यावरचा प्रत्येक ब्राउझर खुला ठरत नाही. क्रोम आणि एज हीच त्याची मोठी उदाहरणं. कोणताही ब्राउझर घेताना त्याची विश्वासाची यादी कोण, कुठे, कशी ठरवतं हे बघा. मोझिलाकडे ही चर्चा उघड्यावर चालते, कुणालाही वाचता येते.

तुमच्या इंटरनेट कंपनीला काय दिसतं, हेही विचारलंय. एचटीटीपीएसमुळे तुम्ही कोणतं पान वाचताय ते दिसत नाही, पण साइटचं नाव दोन ठिकाणी उघडं पडतं: डीएनएसच्या चौकशीत (साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारताना) आणि जोडणीच्या सुरुवातीला जाणाऱ्या एसएनआय या भागात. 2019 मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की जिओ साइट अडवण्यासाठी हाच एसएनआय वाचतं. सेटिंगमध्ये ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ चालू करा. पलीकडची साइट साथ देत असेल तर फायरफॉक्स एसएनआयही झाकून पाठवतो. याहून जास्त हवं तर व्हीपीएन (तुमची वाहतूक आपल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा), पण त्यात विश्वास फक्त एका कंपनीकडून दुसरीकडे सरकतो. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे, म्हणून एक्सप्रेसव्हीपीएनसारख्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. व्हीपीएन घेणारच असाल तर त्याबरोबर मुलवाड ब्राउझर बघा: एप्रिल 2023 मध्ये टॉरच्या लोकांनी स्वीडनच्या मुलवाड या व्हीपीएन कंपनीसाठी बांधलेला, टॉरचंच सारखेपण पण टॉरचं जाळं नाही, म्हणून वेगवान. त्यालाही हात लावायचा नाही, आला तसा वापरायचा.

फोनबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि तुमचं निम्म्याहून जास्त ब्राउझिंग तिथेच होत असणार. लिब्रेवुल्फची अँड्रॉइड आवृत्ती नाही. तिथे फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन, किंवा ब्रेव्ह. आयफोनवर भारतात सगळे ब्राउझर आतून सफारीचंच इंजिन वापरतात, त्यामुळे तिथे निवडीला मर्यादा आहे. पण फोनवर खरी गळती ब्राउझरच्या शेजारून होते. जून 2025 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी उघड केलं की अँड्रॉइडवर फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही ॲप फोनच्या आतल्याच एका पोर्टवर (प्रोग्रामना आपसात बोलायच्या दारावर) कान लावून बसत होती, आणि वेबपानावरचा मेटाचा कोड त्या पोर्टवर ब्राउझरची ओळख पोहोचवत होता. कुकी पुसा, इन्कॉग्निटो वापरा, काही उपयोग नाही; पानावरचा अनामिक वाचक थेट लॉगिन केलेल्या खात्याला जोडला जात होता. बातमी फुटली त्याच दिवशी मेटाने ते थांबवलं. ब्रेव्हवर ही युक्ती चालली नाही, कारण पानाने फोनमधल्या पोर्टशी बोलायचं तर तो आधीपासूनच परवानगी मागत होता.

म्हणून फोनवर क्रम असा ठेवा: ज्या सेवांची साइट पुरते त्यांची ॲप काढून टाका, उरलेल्या ॲपमधल्या सेटिंगमध्ये जाऊन लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडण्याचा पर्याय असेल तर तो निवडा, आणि मग ब्राउझर बदला. टॉर ब्राउझर पत्रकाराला, कार्यकर्त्याला, घरातल्याच कुणापासून जिवाची भीती असलेल्याला लागतो. त्यांनी तो बिनदिक्कत वापरावा. बुटांच्या जाहिरातीसाठी मात्र तो नको, आणि त्यातून बँकेत तर मुळीच शिरू नका. परदेशातल्या अनोळखी पत्त्यावरून लॉगिन दिसलं की बँक खातं गोठवू शकते, आणि मग ते सोडवायला आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन शाखेत रांग लावावी लागेल.